झबल्याचे कापड कुठले?

गेल्या रब्बीत हरभऱ्याची उगवण पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. शिवार पाहून झाले, चहा आला. ओट्यावर आजीबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळाच्या अंगात नवे झबले, हातशिलाईची टीप अशी बारीक की मशीनने लाजावे. कौतुक करायला जवळ गेलो, तर बाळाच्या पाठीवर पुसट निळी अक्षरे. ‘बियाणे’ एवढे वाचता आले. त्याखाली ‘खाण्यासाठी वापरू नये.’

‘‘आजी, ही बियाण्याची पिशवी का?’’

‘‘व्हय की. घट कापड हाय, सायेब. दोन पाण्यातनं काढलंया. उकिरड्यावर टाकू व्हय?’’

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? चिंधीसुद्धा वाया न घालवण्याची शिस्त त्या माउलीने जन्मभर पाळलेली. तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण त्या पिशवीतल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेले होते. असे बियाणे धान्यात मिसळू नये, चटकन ओळखू यावे, म्हणून त्याला रंग देतात. दोन पाण्यांनी रंग फिका होतो, त्याबरोबर औषधही गेले असे समजू नका. मोठ्या माणसाच्या रापलेल्या कातडीला जे जाणवत नाही, ते तान्ह्या मुलाच्या पातळ कातडीला बाधते. वजनाच्या मानाने त्याचे अंगही मोठे असते, म्हणून कातडीतून जास्त शोषले जाते. शिवाय मूल झबल्याची कड तोंडात घालते, ते वेगळेच.

शेतीच्या सदरात शिवणकाम कशाला, असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण हे.

आजींनी ऐकून घेतले, काही बोलल्या नाहीत. आत जाऊन आपले एक जुने सुती पातळ घेऊन आल्या आणि तिथेच कात्री लावली. तान्ह्या मुलाला याहून चांगले कापड बाजारात मिळायचे नाही. शंभर वेळा धुतलेले, खळ कधीच निघून गेलेली, आटायचे तेवढे आटलेले, लोण्यासारखे मऊ. धोतरही तसेच.

शिवणातले माझे ज्ञान लहानपणी आईला सुईत दोरा ओवून देण्यापुरते. तरी तिचे माप अजून लक्षात आहे. कापडाची आधी उभी, मग आडवी घडी घालायची, म्हणजे चार पदर होतात. छातीच्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्यात एक इंच ढिलाई आणि अर्धा इंच माया. तीन-चार महिन्यांच्या बाळाचा घेर साधारण १६ इंच धरला, तर साडेपाच इंच झाले. उंची एक वीत चार बोटे, म्हणजे बारा इंच. बाही त्याच कापडात अखंड कापायची, म्हणजे खांद्यावर शिवण येत नाही. समोरचा पदर मध्यावर चिरून पुढून उघडे ठेवा, घालायला सोपे जाते. बगलेखालच्या दोन्ही शिवणी बाहेरच्या बाजूला राहू द्या. दिसायला उलटे दिसते, पण बाळाला टोचत नाही. बटण लावू नका, सुटले तर थेट तोंडात जाते. छातीवर आखूड बंद पुरे. गळ्याभोवती लांब नाडी मुळीच नको.

नवे मांजरपाट आणले असेल तर कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. नाहीतर पहिल्या धुण्यातच झबल्याची चोळी होते! नायलॉनची जुनी साडी गुळगुळीत लागते म्हणून तिचे लंगोट शिवणाऱ्या बायाही पाहिल्या आहेत. ती ओल शोषत नाही, आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते.

माया सोडण्यात मात्र कंजुषी करू नका. जन्मतः ५० सेंटीमीटर लांब असलेले मूल वर्षाला ७५ च्या घरात जाते. मुलीच्या फ्रॉकला खाली तीन बोटे मुरड घाला आणि कमरेवर दोन आडव्या चुण्या धावदोऱ्याने शिवून ठेवा. दिवाळीला एक उसवा, पुढच्या पाडव्याला दुसरी.

आता बापाच्या सदऱ्याविषयी. जुन्या सदऱ्याचे मुलाला कपडे करण्याची चाल चांगलीच आहे, पण तो सदरा फवारणीचा नसावा. पाण्यात ओतल्यावर दुधासारखी पांढरी होणारी औषधे तेलकट असतात. ती सुतात मुरतात आणि साध्या धुण्याने सहज निघत नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे, गरम पाण्यात साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. फाटले तरी ते मुलांच्या कपड्यांत, दुपट्यात किंवा गोधडीच्या थरात जाऊ देऊ नका. ज्यावर औषध न मिसळता तसेच सांडले तो कपडा धूतही बसू नका, वस्तीपासून दूर, विहीर-ओढा टाळून पुरा. कीटकनाशकाच्या पिशव्या आणि डब्यांचेही घरात दुसरे काही करायचे नाही. त्यांवरच्या त्रिकोणाचा रंग हिरवा असला तरी नाही.

युरियाच्या गोणीचे विचाराल तर ती दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ निघते, कारण युरिया पाण्यात विरघळतो. शाळेत जाणाऱ्या पोराला पावसाळ्यात तिची खोळ करून द्या, हरकत नाही. तिच्यावर पापड-कुरडया मात्र वाळवू नका. दप्तराला जुन्या पँटचे जाड कापड बरे. पट्टा दुहेरी घ्या आणि जोडाच्या जागी उलटी टीप घाला. तिथेच ते आधी उसवते.

परवा त्याच वस्तीवर घाटेअळी पाहायला गेलो. झबले आखूड होऊ लागले होते आणि आजी खालची मुरड उसवीत बसल्या होत्या. घाटेअळीचे पुढच्या अंकी.