आधी नकाशांचे थर, मग परवानगी

३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच नंतर सांगितलं.

यादी गावांची असते. दरड उतार, माती आणि पाण्यानुसार कोसळते. म्हणून गावाआधी जमीन वाचायला हवी. भूदृश्यरचनाकार इयन मॅकहार्ग यांनी १९६९मध्ये ‘डिझाइन विथ नेचर’मध्ये पारदर्शक नकाशे एकमेकांवर ठेवून जमीन वाचायची रीत मांडली. आज जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) तेच संगणकावर करते: उताराचा थर, ओढ्यांचा थर, त्यावर गट क्रमांक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार आहेत.

बांधकामाच्या परवानगीआधी हे नकाशे त्या गटावर ठेवून पाहणं सक्तीचं करावं. डोंगर कापायचा अर्ज आला, तर पायथ्याच्या वाडीलाही तो नकाशा दाखवावा. धोका तिथल्या घरांना आहे.