लेमूरचे रान आणि रानालगतचे गाव

प्रति,
पर्यावरण आणि शाश्वत विकास मंत्रालय,
मादागास्कर सरकार, अंतानानारिवो.

विषय: लेमूर संरक्षणात गावसंस्थांना हक्काचे स्थान देण्याबाबत.

लेमूर हा मूळचा फक्त मादागास्करचा प्राणी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) २०२० मध्ये त्याच्या १०७ पैकी १०३ जाती धोक्यात असल्याचे जाहीर केले. त्यांतील ३३ अतिसंकटग्रस्त आहेत. रान जाळून भात पेरण्याची ‘तावी’ पद्धत, कोळशासाठी होणारी तोड आणि शिकार ही या धोक्याची मुख्य कारणे.

संशोधनाचे मोल रानोमाफानाच्या रानात दिसले. संशोधक पॅट्रिशिया राइट आणि सहकाऱ्यांना १९८६ मध्ये तेथे सोनेरी बांबू लेमूर आढळला. बांबूचे सायनाइडयुक्त कोवळे कोंब पचवणारी ही जात विज्ञानाला तोवर अपरिचित होती. या शोधामुळे १९९१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. मात्र उद्यानाची हद्द आखली की रानातला मध, लाकूड आणि पुढच्या शेताची जागा गावाच्या हातून जाते. ही झीज भरून निघाली नाही, तर पोट भरण्यासाठी माणूस पुन्हा रानाकडेच वळतो.

दुसरी वाट अंबालावाओजवळच्या आंजा येथील आहे. तेथे वलयांकित शेपटीच्या लेमूरांचे छोटे रान गावसंस्थाच सांभाळते. वाटाडे गावातले असून पर्यटकांकडून येणारा पैसा गावाच्या शाळेसारख्या गरजांवर खर्च होतो. या कामाला २०१२ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला.

गावाची परंपराही मदतीला येते. पूर्वेकडील अनेक गावांत इंद्री या लेमूरला मारणे ‘फादी’, म्हणजे निषिद्ध आहे. पण फादी प्राण्याला वाचवतो, त्याच्या झाडाला नाही. कोणते झाड लेमूरला जगवते आणि कोणत्या झाडाचे बी लेमूर दूरवर पसरवतो, हे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातूनच कळते. ते निरीक्षण रान ओळखणाऱ्या स्थानिक माग काढणाऱ्यांशिवाय होत नाही.

नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन गावांकडे सोपवण्याचा कायदा मादागास्करने १९९६ मध्येच केला आहे. त्याला बळ देण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत: गावसंस्थांशी दीर्घ मुदतीचे करार, प्रवेशशुल्कातील ठरलेला वाटा थेट गावाला आणि प्रत्येक संशोधनाचा निष्कर्ष मलागासी भाषेत गावसभेपुढे. शिवाय स्थानिक निरीक्षकांना पर्यटनाच्या हंगामापुरती नव्हे, तर बारमाही मजुरी मिळायला हवी.

रानाची राखण रानालगतचे गावच करू शकते. मंत्रालयाने त्याला अधिकार, ज्ञान आणि उत्पन्न एकत्रच द्यावे, ही कळकळीची विनंती.