घरबसल्या विक्री आणि अनोळखी गिऱ्हाईक

जनावरांच्या बाजारात खरा घेणारा लवकर ओळखू येतो. तो बैलाचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो, भोवरा कोठे आहे याची चौकशी करतो आणि मग नाक मुरडून किंमत पाडू लागतो. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याच्या जुन्या रीतीतही घेणाऱ्याचा हात देणाऱ्याच्या हातात असे. आता आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेतकरीही जुना ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, मळणीयंत्र, ठिबकच्या नळ्या यांची छायाचित्रे मोबाईलवर टाकून बोली मागवू लागले आहेत. येथे घेणाऱ्याचा हात हाती येत नाही. ऐकू येतो तो केवळ त्याचा आवाज.

ही रीत मुळात वाईट आहे असे आमचे मत नाही. १९९५ साली अमेरिकेत 'ईबे' या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेला लिलाव सुरू झाला, तेव्हा तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे लेसर किरणाचा एक मोडका दर्शक होता, आणि त्याला १४ डॉलर ८३ सेंट किंमत आली! आपल्याकडेही मुंबईत 'बाझी' नावाचा असाच लिलाव निघाला. २००४ मध्ये तो ईबेने विकत घेतला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते भारतातील दुकान बंद झाले. आता जाहिराती टाकण्याच्या दुसऱ्या जागा आहेत. तत्त्व मात्र तेच आहे. ज्याची विहीर आटली त्याच्या घरी पडून राहिलेली मोटार पैठणकडील एखाद्या बागायतदाराला हवी असते, आणि भंगारवाला वजनावर देईल त्याच्या कितीतरी पट अधिक तो देतो. तेव्हा फसवणुकीच्या भयाने हा मार्गच सोडून देणे म्हणजे उंदरांच्या भीतीने पेरणी टाळण्यासारखे होईल.

परंतु लबाड गिऱ्हाईक ओळखावे कसे? आमच्या मते बाजारातील जुनीच कसोटी येथे उत्तम लागू पडते. जो वस्तूत खोड काढीत नाही, त्याच्याविषयी संशय धरावा. जाहिरात टाकून घटकाही झाली नाही तोच दूरध्वनी येतो. मोटार किती अश्वशक्तीची, किती वर्षे वापरली, पूर्वी जळाली होती काय, यांपैकी एकही प्रश्न न विचारता सांगितलेली किंमत मान्य होते. बोलणारा आपण सैन्यात असल्याचे सांगतो व ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवितो. आपल्या शहरात छावणी असल्यामुळे ही बतावणी येथे चटकन खरी वाटते. "मला रजा नाही, माल न्यायला गाडी येईल, पैसे मात्र आताच पाठवितो," असे म्हणून तो एक चौकोनी चित्र, म्हणजे क्यूआर संकेत, पाठवितो आणि ते टिपून गुप्त क्रमांक घालण्यास सांगतो. विश्वास बसावा म्हणून कित्येकदा तो आधी पाच-दहा रुपये खरोखरच पाठवितो. पुढील खेपेस पैसे येण्याऐवजी जातात.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. २०१६ पासून सुरू झालेल्या यूपीआय व्यवहारात गुप्त क्रमांक लागतो तो पैसे देण्यासाठी. घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठविण्याची सोय राष्ट्रीय भुगतान निगमने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे फसवणुकीची एक वाट बुजली. क्यूआर संकेताची वाट मात्र उघडीच आहे.

दुसरा प्रकार याहून गोडीचा. "चुकून वीस हजार जास्त गेले, तेवढे परत करा," असा काकुळतीचा निरोप येतो आणि सोबत बँकेचा भासणारा संदेशही असतो. अशा वेळी संदेशावर न जाता खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी. तिसऱ्या प्रकारात पैसे खरोखरच जमा होतात, पण ते भलत्याच्याच नावावरून. ती रक्कम दुसऱ्या एखाद्याला फसवून काढलेली असेल, तर पुढे तपासात आपलेच खाते गोठविले जाण्याचा संभव असतो. म्हणून घेणारा व पैसे पाठविणारा एकच असावा, असा आग्रह धरावा.

कायदाही विक्रेत्याच्या बाजूस आहे. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे, निराळा करार नसेल तर मालाचा ताबा आणि किंमत ही बरोबरच द्यावयाची असतात. आणि कलम ४७ अन्वये ताब्यातील मालाची किंमत न मिळालेल्या विक्रेत्यास तो माल साधारणपणे अडवून ठेवता येतो. त्याच अधिनियमाचे कलम ६४ सांगते की, लिलाव पुकारून पुरा होईपर्यंत बोली बोलणारा आपली बोली मागे घेऊ शकतो. तेव्हा मोठी बोली आली म्हणून तीस पैसे समजू नये. भाव चढावा म्हणून आपल्याच मेव्हण्याकडून खोटी बोली लावण्याचा मोह काहींना होतो. तसे केल्यास घेणाऱ्यास सौदा मोडता येतो, हेही त्याच कलमात आहे.

ट्रॅक्टरची गोष्ट सर्वांत नाजूक. नमुना २९ व ३० वर कोऱ्या सह्या करून कागद गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याची वाईट चाल आपल्याकडे आहे. घेणारा नाव बदलून घेत नाही, ट्रॅक्टर आणखी दोन हातांत फिरतो आणि एके दिवशी अपघात होतो. नोंदवहीत ज्याचे नाव मालक म्हणून आहे तोच कायद्याने मालक समजला जाऊन भरपाईस जबाबदार ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५० सांगते. हे काम गिऱ्हाइकाच्या भरवशावर सोडू नये. बँकेचा बोजा उतरविल्याखेरीज सौदाच करू नये. आणि अवजार अनुदानावर घेतलेले असल्यास ते विकण्यास मुदतीची अट आहे काय, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आधी विचारून घ्यावे.

एवढे सांगितले तरी प्रत्येक अनोळखी माणसास चोर समजून उर्मट उत्तरे द्यावीत, असा याचा अर्थ नाही. खऱ्या घेणाऱ्यासही तेवढीच भीती असते; तोही न पाहिलेल्या माणसास पैसे देत असतो. "येऊन पाहा, चालवून पाहा, मग बोलू," एवढे नम्रपणे म्हटले की खरा घेणारा उलट खूष होतो आणि लबाड आपोआप गळतो. माल घरी दाखविण्यापेक्षा दिवसाउजेडी बाजार समितीच्या आवारात किंवा बँकेच्या शाखेजवळ दाखवावा. ग्रामपंचायतींनी अशा सौद्यांसाठी आपल्या कार्यालयात एक टेबल व एक नोंदवही ठेवली, तर खर्च काहीच नाही आणि दोन्ही पक्षांची सोय होईल, असे आम्हांस वाटते.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसण्यात सर्वांत मोठे नुकसान आहे. शिकलेसवरलेले नोकरदारही यात फसले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घातले होते की, ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे येथे घटकाघटकाला मोल आहे. प्रथम १९३० हा क्रमांक फिरवावा (वरील अधिनियमाचे सालही तेच असल्याने लक्षात ठेवण्यास सोपा), लगोलग बँकेस कळवावे व नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. समोरच्याचा दूरध्वनी क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, त्याने पाठविलेली चित्रे आणि सर्व संभाषण तक्रारीसोबत लागते. रागाच्या भरात मोबाईलवरून ते पुसून टाकू नये.