दुकानात पडलात? कॅमेऱ्यातलं चित्रण लगेच मागा

सुपरमार्केटमध्ये कुणी पाय घसरून पडलं तर त्याची बातमी होत नाही. पण साठीच्या पुढच्या माणसाचं मनगट किंवा खुबा मोडला, तर त्या घराचं सगळं गणित बदलतं. ऑपरेशन, औषधं, फिजिओथेरपी आणि वर काही आठवडे घरातल्या कुणाची तरी रजा. हा खर्च दुकानाने द्यायला हवा असं वाटलं, तर आधी दाखवावं लागतं की फरशी खरंच ओली होती आणि तिथे कुणी पाटी ठेवली नव्हती. हे सगळ्यात स्पष्ट दाखवणारी गोष्ट म्हणजे छतावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण. आणि ते नेमकं त्याच दुकानाच्या ताब्यात असतं.

आमच्या रिसालीत शेजारच्या काकूंच्या बाबतीत हेच झालं. भिलाईतल्या एका मोठ्या दुकानात फ्रीजरमधून गळलेल्या पाण्यावर त्या घसरल्या. मॅनेजरने खुर्ची दिली, पाणी दिलं, ऑटो बोलावून दिली. काका फुटेजबद्दल बोलले तेव्हा तो म्हणाला, "फुटेज है न अंकल, टेंशन मत लो." मग काका तीन वेळा गेले. पहिल्यांदा मॅनेजर रजेवर होता. दुसऱ्यांदा हेड ऑफिसची परवानगी लागेल असं सांगितलं. तिसऱ्यांदा कळलं, की रेकॉर्डिंग पंधरा दिवसांचंच राहतं आणि ते आता उडालं. काकांकडे एकही कागद नव्हता. सगळं बोलणं तोंडी झालेलं.

मॅनेजर खोटं बोलला असेलच असं नाही. दुकानातले कॅमेरे ज्या डीव्हीआरला जोडलेले असतात, त्याची डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवं चित्रण आपोआप चढतं. कॅमेरे जास्त आणि डिस्क लहान असेल तर दिवस कमी मिळतात. कुठे आठवडा, कुठे पंधरा दिवस, कुठे महिना. म्हणून मागणी चांगल्या शब्दांत करण्यापेक्षा ती लवकर आणि लेखी करणं महत्त्वाचं. आधी "जपून ठेवा" म्हणायचं, "प्रत द्या" त्यानंतर.

दुकानाकडे तुमच्याबद्दल काय काय असतं?

आपल्याला फक्त कॅमेरा आठवतो. पण बिल करताना दिलेला मोबाइल नंबर, त्या नंबरावरची जुनी खरेदी, बिलाची नेमकी वेळ, कार्ड किंवा यूपीआयने पैसे दिल्याची नोंद हीदेखील तुमची माहिती आहे. मोठ्या दुकानांत अपघाताची नोंदवही किंवा छापील फॉर्म असतो. त्यात तुमचं नाव, वय, कुठे लागलं आणि कर्मचाऱ्याने काय पाहिलं, हे लिहिलेलं असतं. दुकानाचा विमा असेल, तर विमा कंपनीला कळवलेल्या पत्रातही तुमचं नाव येतं.

फरशी कधी पुसली याचा तक्ता आणि फ्रीजरच्या दुरुस्तीची नोंद ही तुमची वैयक्तिक माहिती नाही. पण फरशी ओली का होती, हे त्यातूनच कळतं. म्हणून अर्जात त्यांचाही उल्लेख हवा.

नवा डेटा कायदा काय देतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण सगळी कलमं एकदम लागू झालेली नाहीत. अधिसूचनेनुसार आपली माहिती मागण्याचा हक्क अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतो. त्या हक्कालाही मर्यादा आहेत. तो मुख्यतः तुम्ही संमतीने दिलेल्या माहितीसाठी आहे आणि त्यात माहितीचा सारांश मिळतो. हुबेहूब प्रत मिळेलच असं कलमात म्हटलेलं नाही. कॅमेऱ्याखालून जाताना आपण संमती दिली होती का, यावर दुकान वाद घालू शकतं.

तोवर २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांनुसार कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यायचा असतो आणि त्या अधिकाऱ्याने महिन्याभरात तक्रारीचं निवारण करायचं असतं. मोठ्या साखळी दुकानाच्या वेबसाइटवर खाली 'गोपनीयता धोरण' असा दुवा असतो. हे नाव बहुधा तिथेच सापडतं.

काही जण माहिती अधिकाराचा अर्ज करायला सांगतात. तो सरकारी आणि सार्वजनिक संस्थांना चालतो. भिलाई स्टील प्लांटसारख्या सार्वजनिक उपक्रमाला तो करता येतो, खासगी दुकानाला नाही.

थोडक्यात, फुटेजची प्रत द्यायलाच लागेल असं मॅनेजरला ठणकावून सांगता येईल असा सोपा कायदा आज आपल्याकडे नाही. मग अर्ज करून उपयोग काय? त्याचं उत्तर जालन्यात सापडतं.

जालन्याचा कॅमेरा

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं होतं, की २७ सप्टेंबरला दुपारी तीनची वेळ उलटून गेल्यावर खोतकरांचे उमेदवारी अर्ज घेतले गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते. म्हणजे इथेही पुरावा दुसऱ्याच्याच ताब्यात होता. न्यायालयाने चित्रण मागवलं. पण ते खरं असल्याचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. पण ज्याच्याकडे ते मागायला हवं त्याच्याकडे रीतसर मागूनही मिळालं नाही आणि तुम्ही हातात होतं ते सगळं केलं असेल, तर त्याचा तोटा तुम्हाला होणार नाही.

आपल्यासारख्यांसाठी यात मोठी गोष्ट आहे. दुकान नाही म्हणालं तरी तुम्ही मागितल्याचा कागद वाया जात नाही. पुराव्याच्या कायद्यात आणखी एक जुनं तत्त्व आहे. हाती असलेला पुरावा कुणी पुढे आणला नाही, तर तो त्याच्याच विरोधात गेला असता असं न्यायालय धरू शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. "रेकॉर्डिंग उडालं" हे उत्तर पहिल्या आठवड्यात लेखी मागणी केलेल्या माणसाला देणं दुकानाला महागात पडू शकतं. तोंडी विचारलेल्या माणसाच्या हातात मात्र काहीच राहत नाही.

पहिल्या दिवशी काय करायचं?

जखमी माणसाला आधी दवाखान्यात न्या. बरोबरच्या दुसऱ्या कुणीतरी बाकीची कामं करावीत.

• फरशी, पाणी, चपला आणि आसपास पाटी नसेल तर ती मोकळी जागा, यांचे फोटो काढा. वर मान करून जवळच्या कॅमेऱ्याचाही फोटो घ्या. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्रण हवं हे नंतर सांगता येतं.
• जवळ उभ्या असलेल्या एक-दोन ग्राहकांचे नंबर घ्या.
• बिल जपा. बिल होण्याआधीच पडलात, तर पार्किंगची चिठ्ठी किंवा त्या दुकानातली आधीची बिलं ठेवा.
• डॉक्टरांना "दुकानात ओल्या फरशीवर पडून" असं स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर ते लिहिलं आहे ना, पाहा. हे कागद मागण्याचा हक्क पक्का आहे. वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या नोंदी द्याव्या लागतात.
• दुकानाने व्हाउचर देऊ केलं आणि सोबत सहीसाठी कागद पुढे केला, तर वाचल्याशिवाय सही करू नका. "यापुढे काही तक्रार नाही" असं वाक्य त्यात असू शकतं.

अर्ज असा लिहा

शक्य तर त्याच दिवशी, नाहीतर दोन-तीन दिवसांत. आपल्याकडे दुकानात मराठी वाचणारं कुणी असेलच असं नाही, म्हणून हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. मजकूर साधारण असा असावा:

"दिनांक ____ रोजी दुपारी ____ ते ____ या वेळेत मी तुमच्या ____ येथील दुकानात होते. ____ विभागाजवळ ओल्या फरशीवर घसरून मला इजा झाली. माझ्या अंगात ____ रंगाची साडी होती. बिल क्रमांक ____. माझी विनंती आहे की,
१. त्या जागेच्या कॅमेऱ्यांचं घटनेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंतचं चित्रण पुसू न देता जपून ठेवावं.
२. त्याची प्रत कायद्यातल्या प्रमाणपत्रासह मला द्यावी. इतर ग्राहकांचे चेहरे झाकले तरी चालेल.
३. अपघाताची नोंद आणि माझ्या नावाने तुमच्याकडे असलेली इतर माहिती द्यावी. ती कुणाला कळवली असेल तर तेही सांगावं.
४. त्या दिवसाचा साफसफाईचा तक्ता आणि दुरुस्तीच्या नोंदी जपून ठेवाव्यात.
सात दिवसांत लेखी उत्तर द्यावं."

एक तास आधीचं चित्रण मागण्याचं कारण आहे. पडण्याचा क्षण सगळेच मागतात. पण पाणी कधीपासून साचलं होतं आणि किती कर्मचारी त्याला वळसा घालून गेले, हे त्याआधीच्या चित्रणात दिसतं.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक दुकानात द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का द्यायला नकार दिला, तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याची नोंद ठेवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलही करा. "इतर ग्राहकांचे चेहरे दिसतात, म्हणून देता येत नाही" असं उत्तर आलं तर वाद घालू नका. त्यांची अडचण खरी असू शकते. "मग जपून ठेवा आणि आयोगाने मागितल्यावर द्या" एवढं लेखी कळवा.

दुकान गप्प बसलं तर

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याचदा कंपनीचं हेड ऑफिस तिथून हलतं. ते जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. रिसालीकरांसाठी तो दुर्गला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठी सोय केली आहे. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. नागपूरला लग्नाच्या खरेदीत पडलात तरी दुर्गला तक्रार चालेल. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार देता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. आयोगाला कागद आणि वस्तू हजर करायला लावण्याचा अधिकार आहे, म्हणून तक्रारीबरोबरच चित्रण मागवण्याचा अर्जही द्या.

इजा गंभीर असेल आणि निष्काळजीपणा उघड दिसत असेल, तर पोलिसांत तक्रार करा. तपासासाठी पोलीस दुकानाकडून चित्रण मागवू शकतात. भरपाईचा आकडा मोठा असेल, तर वकिलाचा सल्ला घ्या.

मुलं परदेशात असतील तर

ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहणाऱ्या मुलांना आणि त्यांच्याकडे गेलेल्या आई-बाबांना हे जास्त सोपं आहे. तिथे कॅमेऱ्यातली तुमची छबी ही तुमची वैयक्तिक माहिती मानली जाते. साधा ईमेल करून तिची प्रत मागता येते, सहसा पैसे लागत नाहीत आणि दुकानाने साधारण महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं. पण डिस्क तिथेही भरते. उत्तराला महिना असला तरी ईमेल पहिल्याच दिवशी जायला हवा.

घरातले ज्येष्ठ एकटे खरेदीला जात असतील, तर वरचा अर्ज आजच त्यांच्या मोबाइलमध्ये जतन करून ठेवा. वेळ आली तर फक्त रिकाम्या जागा भरायच्या राहतील.