आधी बांबू दाखवा

लडलोच्या हत्याकांडावरचा एक लघुपट परवा देवासला घरी बसून पाहिला. २० एप्रिल १९१४, अमेरिकेतलं कोलोरॅडो. संपावर गेलेल्या कोळसा कामगारांच्या तंबूंवर गोळ्या झाडल्या, मग तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या २ बायका आणि ११ मुलं गुदमरून गेली. लघुपट संपला तरी मला उठवेना. १९७७ साली खाणमजुरांवर असाच गोळीबार झालेलं दल्ली राजहरा डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

तेव्हा दल्ली राजहरा आपल्याच मध्य प्रदेशात होतं. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज तिथूनच जायचं. आणीबाणी उठली, कामगार नेते शंकर गुहा नियोगी तुरुंगातून सुटून आले आणि १९७७ साली कंत्राटी मजुरांची नवी युनियन उभी राहिली. एक मागणी अशी होती: पावसाळ्याआधी झोपड्या शाकारायला १०० रुपये द्या. बांबू-बल्ल्यांचे पैसे! २ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना उचललं. मागे राहिलेल्या पोलिसांना मजुरांनी घेरलं. आमचा माणूस आणा, मग जा. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या चालल्या. ११ जण गेले. त्यांत अनसूयाबाई होती, सुदामा नावाचा पोरगा होता.

राज्यात राष्ट्रपती राजवट होती. त्याच महिन्यात आपल्या देवास जिल्ह्याचे कैलाश जोशी मुख्यमंत्री झाले. ते मी लहानपणापासून ऐकत आलो. दल्ली राजहराचं नाव मात्र शाळेत कधी कानावर आलं नाही.

दल्ली राजहरावर कुणी लघुपट करणार असेल, तर त्याला माझी कळकळीची विनंती: बंदूक उशिरा येऊ द्या, आधी बांबू दाखवा. आमच्या जुन्या घरावर मे महिन्यात कवेलू फिरवायला माणूस चढायचा. फुटकं कवेलू खाली आलं की आई अंगणातून ओरडायची, ‘अरे, धान्याच्या कोठीवरचं आधी बघ!’ छत गळणार ही धास्ती ज्याला दिसली, त्यालाच त्या १०० रुपयांचं मोल कळेल.

आणि गोळीबारावर थांबू नका. युनियनची उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचारांवाचून गेली. मग मजुरांनी वर्गणी काढली, स्वतः राबले आणि १९८३ साली १५ खाटांचं शहीद अस्पताल उभं केलं. ते उघडलं ३ जूनलाच. शेवटचं दृश्य मला तिथल्या बाळंतिणीच्या खोलीतलं हवंय. बाहेर पाऊस लागलेला, वर पक्कं छत.