हिमोग्लोबिन ९९ कसे असेल?

एमडी किंवा एमएस करणाऱ्या डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. ओपीडी, वॉर्ड, रात्रपाळ्या सांभाळत शंभर-दोनशे रुग्णांची माहिती गोळा करायची आणि तिचे विश्लेषण मांडायचे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय होते, हे वैद्यकीय महाविद्यालयात वावरलेल्या कुणालाही विचारा. माहिती कशीबशी एक्सेलमध्ये भरली जाते, ती फाइल पैसे देऊन बाहेर कुणाकडे तरी पाठवली जाते आणि काही दिवसांत तक्ते, आलेख, 'पी' मूल्ये तयार होऊन येतात. टी-चाचणी कधी वापरायची, हे विद्यार्थी तोंडी परीक्षेत घडाघडा सांगतो. त्याच्याच प्रबंधातला एखादा आकडा कसा आला, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

यात बिघडते काय? एक साधे उदाहरण घेऊ. २०० महिलांचे हिमोग्लोबिन नोंदवायचे आहे. चौघींची तपासणी झालीच नाही, म्हणून माहिती भरणाऱ्याने तिथे ९९ लिहिले. 'माहिती नाही' यासाठी ९९ किंवा ९९९ लिहिण्याची पद्धत सर्वेक्षणांत जुनीच आहे. उरलेल्या १९६ जणींची सरासरी १०.५ आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय मानतात. म्हणजे हा गट स्पष्टपणे रक्तक्षयाचा. पण संगणकाला ९९ चा अर्थ कुणी सांगितलेला नाही. तो सगळे आकडे इमानदारीने मिळवतो, २०० ने भागतो आणि सरासरी देतो १२.३. चार चौकटींनी दोनशे बायकांचा रक्तक्षय कागदावरून पुसून टाकला!

हेच आकडे विद्यार्थ्याने स्वतः संगणकावर मांडले, तर साध्या आलेखात चार ठिपके बाकीच्यांपासून कुठल्या कुठे दूर दिसतात. मध्यक काढला, तर तो जवळपास हललेलाही नसतो. सरासरी आणि मध्यक यांतला फरक पुस्तकात चार वेळा वाचून जितका कळत नाही, तितका या दहा मिनिटांत कळतो.

तारखांचे दुखणे याहून वाईट, कारण ते दिसत नाही. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल, तर तो आधी महिना वाचतो. ३ एप्रिलला दाखल झालेला आणि १० एप्रिलला घरी गेलेला रुग्ण त्याच्या लेखी ४ मार्चला येतो आणि ४ ऑक्टोबरला जातो. सात दिवसांचा मुक्काम सात महिन्यांचा! २३ एप्रिल मात्र तसाच राहतो, कारण तेविसावा महिना नसतो. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा बरोबर, काही चूक, आणि तक्रार कुठेच नाही.

या फक्त परीक्षार्थींच्या चुका नव्हेत. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ बाधित दैनंदिन आकडेवारीतून गळले. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये सुमारे ६५ हजारच ओळी मावतात, त्यापुढच्या सांडल्या. या लोकांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध त्यामुळे लांबला.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. कर्करोगाच्या गाठीतील जनुकांवरून कोणते औषध लागू पडेल ते सांगता येते, असा दावा तिथल्या संशोधकांनी २००६ मध्ये केला. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी उपलब्ध आकडे घेऊन तेच गणित पुन्हा करून पाहिले. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली निघाली. काही ठिकाणी 'औषध लागू पडते' आणि 'पडत नाही' या खुणांची अदलाबदल झाली होती. त्यांनी हे २००९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा या पद्धतीवर आधारित चाचण्यांत खरेखुरे रुग्ण दाखल होते. चाचण्या बंद झाल्या, २०११ मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला आणि २०१५ मध्ये सरकारी यंत्रणेने त्या प्रकरणात संशोधनातील गैरवर्तनाचा ठपकाही ठेवला. पण सरकलेली ओळ पकडायला उच्च गणित लागले नव्हते. फाइल उघडून ओळ न् ओळ ताडून पाहायची चिकाटी लागली.

'डॉक्टरने डॉक्टरकी करावी, आकडे संख्याशास्त्रज्ञाने पाहावेत,' असे काही ज्येष्ठ म्हणतात. गुंतागुंतीच्या प्रतिमानांपुरते ते मान्य. पण हिमोग्लोबिन ९९ असूच शकत नाही, नवजात बाळाचे वजन २८ किलो म्हणजे दशांश चिन्ह सुटले आहे, 'सुनीता शिंदे' आणि 'सुनिता शिंदे' एकाच दिवशी एकाच गावातून आल्या तर त्या बहुधा एकच, हे रुग्ण पाहणाऱ्यालाच आधी खटकते. ते खटकायला फाइल त्याच्यासमोर उघडी हवी ना!

शिवाय बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये रुग्णांची नावे आणि मोबाइल नंबर असतात, कधी एचआयव्हीचा निकालही. नावांच्या जागी क्रमांक घालायचे आणि त्यांची यादी वेगळी, कुलपात ठेवायची, ही माहिती सांभाळण्याची पहिली पायरी. ती कुठल्या तासाला शिकवली जाते?

म्हणून परीक्षेची पद्धत बदलायला हवी, असे मला वाटते. जैवसांख्यिकीच्या लेखी प्रश्नांइतकेच गुण एका प्रात्यक्षिकाला द्यावेत. विद्यार्थ्यापुढे मुद्दाम बिघडवलेली फाइल ठेवायची: दुबार नोंदी, उलट्या तारखा, रिकाम्या चौकटी. दोन तासांत त्याने ती साफ करावी आणि काय बदलले, का बदलले, ते लिहून द्यावे. हे काम माउसने टिचक्या मारत करण्यापेक्षा आज्ञा लिहून केलेले बरे. आज्ञांची यादी उरते, ती गाइडला वाचता येते आणि वर्षभराने पुन्हा चालवली तर तेच उत्तर येते. माउसच्या टिचकीचा पुरावा बहुधा कुठेच राहत नाही.

खर्चाची सबब चालणार नाही. 'आर' ही प्रणाली फुकट आहे, अमेरिकेच्या सीडीसीचे 'एपी इन्फो'ही फुकट आहे आणि दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात. अडचण शिकवणाऱ्यांची आहे. अनेक मार्गदर्शकांनी स्वतःचा प्रबंधही असाच बाहेरून करून घेतलेला असतो. त्यामुळे पहिले प्रात्यक्षिक त्यांचेच घ्यावे आणि तेही आपल्याच विभागाच्या गेल्या वर्षीच्या फाइलवर.