‘प्रायोगिक’ कप्प्यात अडकलेली मराठी

शहाड : शहाड, कल्याण, डोंबिवली. युनिकोडमध्ये लिहिलेली ही तीन नावे देवनागरीची जोडणी न जाणणाऱ्या आरेखन सॉफ्टवेअरमध्ये टाकली, तर पहिलेच तेवढे धड उमटते. ‘कल्याण’मधला ल्य हलन्त होऊन फुटतो. ‘डोंबिवली’तील पहिली वेलांटी ब सोडून पुढे सरकते आणि वाचणाऱ्याला ‘डोंबविली’ दिसते. टंकलेखनात अक्षरानंतर येणारी वेलांटी दाखवताना अक्षराच्या आधी न्यावी लागते. ते काम सॉफ्टवेअरमधील अक्षरजुळणी यंत्रणेचे असते आणि ही यंत्रणा वर्षानुवर्षे सेटिंगच्या आडबाजूच्या कप्प्यात ठेवलेली होती.

राज्याने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सर्वच दुकानांना मराठी देवनागरी फलक बंधनकारक केले. मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशीही अट घातली. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मात्र फलक जिथे आकाराला येतो, त्या संगणकावर मराठी नीट उमटते का, हा प्रश्न या चर्चेत फारसा आला नाही.

अ‍ॅडोबीच्या इनडिझाइनचे उदाहरण बोलके आहे. जटिल लिप्यांसाठीची ‘वर्ल्ड रेडी कम्पोझर’ ही यंत्रणा २००८ च्या सीएस४ आवृत्तीत होती. पण तिच्यासाठी मेनूत जागा नव्हती. जाणकार मंडळी स्क्रिप्ट चालवून किंवा तयार नमुना फाइल उघडून ती जागी करीत. २०१२ च्या सीएस६ मध्ये मराठीसह भारतीय भाषांना अधिकृत पाठिंबा मिळाला, तरी मूळ मांडणी बदलण्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट चालवावी लागेच. फोटोशॉपमध्ये हा पर्याय दीर्घकाळ ‘मध्यपूर्व व दक्षिण आशियाई’ या नावाखाली होता. मराठी जाहिरात करणाऱ्याने तो तेथे शोधावा, अशी अपेक्षा होती!

यामागे केवळ उदासीनता होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जुळणी यंत्रणा बदलली की जुन्या फायलींतील ओळी नव्या जागी तुटतात आणि तयार पुस्तकाची पाने हलतात. म्हणून नवी सोय बंद ठेवून, ज्याला हवी त्याने ती सुरू करावी, हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी तो उघडपणे स्वीकारला. ब्लेंडरमध्ये ‘एक्सपेरिमेंटल’ असा स्वतंत्र विभाग आहे. पण विकसकांसाठीचे जादा पर्याय सुरू केल्याखेरीज तो दिसत नाही. जिम्पच्या २.१० मालिकेतही ‘प्लेग्राउंड’ नावाचे असेच पान आहे. अपुऱ्या सोयी तेथे वापरून पाहता येतात आणि बिघडल्यास दोष कुणाचा, हे आधीच ठाऊक असते.

अडचण येते ती कप्प्यात काय ठेवावे आणि किती काळ, याची. चित्राला वेगळा पीळ देणारे अवजार प्रायोगिक राहिले, तर कुणाचे अडत नाही. कोट्यवधी लोकांची लिपी तशी राहिली, की छपाईचा सारा व्यवहारच तिला वळसा घालून चालू लागतो. स्क्रायबस या मुक्त मांडणी सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची नीट जुळणी १.५ या विकासाधीन मालिकेत २०१७ साली आली. ती घेऊन स्थिर १.६ आवृत्ती निघाली जानेवारी २०२४ मध्ये. दरम्यान २००१ च्या पेजमेकर ७ वर आणि युनिकोडपूर्व फॉण्टवर हात बसलेल्या डीटीपी व्यावसायिकांनी आपली सवय सोडावी, असे कोणते कारण त्यांच्यापुढे होते?

दुसरा मुद्दा सेटिंग कुठे साठते, हा. इनडिझाइनमध्ये जुळणीची निवड परिच्छेदासोबत फाइलमध्ये जाते. जी निवड केवळ त्या संगणकापुरती राहते, ती मात्र नव्या मजकुराच्या वेळी दुसऱ्या यंत्रावर नसते. प्रायोगिक पॅनेल जोडणाऱ्यांनी ही निवड फाइलशीच बांधली आणि फाइल उघडताना तशी सूचना दिली, तर छापखान्यातील निम्मी भांडणे मिटतील.

तोवर छापखान्यांचा जुनाच शिरस्ता चालू आहे : ‘कर्व्ह करून पाठवा.’ अक्षरांच्या बाह्यरेषा झाल्या की वेलांटी हलत नाही, जोडाक्षर फुटत नाही. मात्र मजकूर मजकूर उरत नाही. फलकावरील नावात ऐनवेळी एक काना चुकलेला आढळला, तर दुरुस्तीसाठी मूळ फाइल असलेल्या संगणकापर्यंतच परतावे लागते.